आंबील चाखायची की प्यायची

पुण्याच्या वेशीवर माझा आणि माझ्या दिराचा, विनयचा, बिअर तयार करायचा लहानसा कारखाना आहे. त्याला लागूनच चार टेबलं मांडून बसायची सोय केलीय. तिथे दोन तऱ्हांची गिऱ्हाइकं येतात. एक येतात आणि मोठा ग्लास भरून एकच बिअर मागवतात. दुसरे मागवतात आमची फळी. सहा भोकांची लाकडी फळी, तिच्यात बसणारे सहा इवलेसे ग्लास, सहा वेगवेगळ्या बिअर. हे लोक दोन तास बसतात, घोट घेऊन डोळे मिटतात आणि एकमेकांना ‘यात संत्र्याची साल लागतेय का?’ असं विचारतात. विनयला ही मंडळी मुळीच आवडत नाहीत. त्याचं म्हणणं, ‘वहिनी, कांदेपोहे सहा घरी खाता येतात, पण नांदायचं एकाच घरी असतं.’

मी मात्र पहिल्यापासून फळीच्या बाजूची. चाखल्याशिवाय माणसाला कळणार काय, असं मी ठणकावून सांगत आले. वैशाखात बीड जिल्ह्यात जाऊन आले आणि तो ठणका जरा उतरला. तो कसा उतरला ते सांगायलाच हे लिहायला बसलेय.

कडा

नगरहून कड्याकडे एसटी निघाली की हिरवा रंग हळूहळू मागे राहतो. कड्याला साखर कारखाना आहे, म्हणजे कधीतरी इथे ऊस डुलत असणार. त्या वर्षी मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडी ढेकळं होती आणि बांधावरच्या बाभळीसुद्धा कंटाळलेल्या दिसत होत्या. स्टँडवर मला घ्यायला सुमनताई आल्या होत्या.

सुमनताई एका गावच्या महिला दूध सोसायटीच्या अध्यक्ष. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांनीच तसं बजावलंय. पुण्याच्या एका प्रदर्शनात त्यांच्या टेबलावर मी पहिल्यांदा मराठवाड्याची आंबील प्यायले होते. ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवायचं, सकाळी शिजवून पातळ करायचं, मीठ-जिरं घालून गार प्यायचं. मी बिअरवाली. धान्य आंबवून पेय करणारं कुणी भेटलं की मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. तेव्हा आमच्या तासभर गप्पा झाल्या होत्या.

दुष्काळानं त्यांची सोसायटी बसली होती. गावातली जनावरं चारा छावणीत गेलेली, दूध नावालाच उरलेलं. मोठी कढई, दूध थंड करायची टाकी, कॅन सगळं रिकामं पडून. तेव्हा बायकांनी ठरवलं की या भांड्यांत आंबील करायची. ती छावणीवर विकायची, कड्याच्या बाजारात विकायची आणि पुढे जमलं तर बीडपर्यंत न्यायची. अडचण एकच. आंबील करणाऱ्या सहा जणी आणि सहा जणींच्या सहा चवी. विकायची तर चव एकच हवी.

‘गावातल्या कुणी निवडली तर जन्माचं वैर पडंल,’ सुमनताई म्हणाल्या. ‘तुमी लांबच्या. तुमचं सगळ्या ऐकतील. अन् एक सांगते, तुमी काय करता ते बोलू नका. आमच्या गावानं मतदान करून बाटली आडवी केलीय. दारूचं दुकान बंद पाडायला मीच म्होरं होते. मी तुमाला पेयतज्ज्ञ म्हणून सांगितलंय.’

मी मान डोलावली. खोटं नव्हतंच ते. अर्धं होतं.

गावात

घरात पाय ठेवल्याठेवल्या समोर पाण्याचा तांब्या आला. काठोकाठ भरलेला. गावाला टँकर दोन दिवसांतून एकदा येतो हे मी वाटेतच ऐकलं होतं, म्हणून दोन घोट घेऊन तांब्या खाली ठेवला. सुमनताईंच्या धाकट्या जाऊबाई, मंदा, उचलायला आल्या होत्या. त्यांचा चेहरा पडला.

‘कावून? पाणी खारट लागलं का?’

‘नाही हो, उगीच वाया कशाला घालवायचं.’

‘वाया कशाला जाईल? तुमी पिताय ना!’

पुण्यात आम्ही पाव्हण्याला विचारतो, पाणी हवंय का? अर्धा कप चहा चालेल का? इथे अर्धं काही विचारायचंच नसतं. चहा आला तोसुद्धा कपातून बशीत सांडलेला, म्हणजे बशीही भरलेली. मंदाताईंचा हात कायम कुठल्यातरी भांड्याच्या कानाशी. ताटात भाजी अर्ध्यावर आली की पळी आलीच. हे सगळं मी कौतुकानं वहीत लिहून घेतलं. त्यातून काय निघणार आहे ते तेव्हा कळलं असतं तर पुढची फजिती टळली असती.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी सोसायटीच्या ओसरीवर माझी फळी काढली. सहा जणी आणि बघायला आलेल्या आणखी बऱ्याच जणी भोवती जमल्या. इवले ग्लास बघून हशा पिकला.

‘बाई, हे गिलास हायेत का डोळ्यात औषध घालायच्या वाट्या?’ असं ज्या म्हणाल्या त्या चंद्रकलाबाई. ठसठशीत कुंकू, मोठा आवाज, घरी दुभती गाय अजून टिकवून धरलेली. त्यांची आंबील गावात प्रसिद्ध होती. लग्नकार्यात त्यांनाच बोलावणं असे.

त्यांच्या मागे भिंतीला टेकून एक बाई उभी होती, हसत नव्हती, फळीकडे बघत होती. ती गयाबाई. निवडीचा खरा अर्थ मला तिच्याकडून कळला. जिची आंबील ठरेल तिच्या हातात कढई राहणार होती, वर्षभराचं काम, गावातच.

‘माझी लागली तर यंदा कोयता न्हाई,’ ती म्हणाली.

कोयता म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोची जोडी, हे मला सुमनताईंनी समजावलं. दिवाळीच्या सुमाराला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या ट्रकमध्ये बसायचं, पार कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात जायचं आणि उन्हाळ्यात परतायचं. गयाबाई आणि तिचा नवरा दगडू बारा वर्षं जात होते. पोरगी बरोबरच न्यावी लागे, त्यामुळे ती चौथीत दोनदा बसली होती.

‘तुमी नीट चाखा म्हंजे झालं,’ ती मला म्हणाली. विनवणी नव्हती त्यात, कामाची सूचना होती. मला उगाच छातीवर हात ठेवून ‘अगदी नीट चाखीन’ असं म्हणावंसं वाटलं आणि मी म्हणालेही.

सहा ग्लास

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा तांबे आले. कोणाचा कुठला ते मला कळू नये म्हणून सुमनताईंनी त्यांच्यावर खडूनं आकडे घातले. फळीवरच्या ग्लासांनाही तेच आकडे. भरायचं काम मंदाताईंकडे. मी वही उघडली, पाण्यानं चूळ भरली (सगळ्या जणी त्या चुळेकडे बघत राहिल्या आणि मला तेवढ्यापुरतं मेल्याहून मेल्यासारखं झालं) आणि सुरुवात केली.

घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, लिहायचं. पुन्हा मागे जायचं, दोन नंबरशी चार नंबर ताडून बघायचा. एकात पीठ कच्चं लागत होतं. एकात लसूण जळलेला. दोन नंबर साधी, पहिल्या घोटाला तर पुळचटच वाटली. चार नंबर मात्र अशी होती की पहिल्या घोटाला कान ताठ झाले. ताक, लसणाची फोडणी, हिरवी मिरची, मीठ. जसजशी मी परतून चार नंबरकडे गेले तसतशी ती मऊ लागत गेली. मी वहीत लिहिलं, ‘आधी जोर, मग शांत. फार सुरेख.’ माझ्या धंद्यात अशी बिअर वर्षातून एखादी जमते.

मी चार नंबर जाहीर केला. तो चंद्रकलाबाईंचा निघाला. टाळ्या वाजल्या. चंद्रकलाबाईंनी पदर खोचला आणि सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. गयाबाईचा दोन नंबर होता. तिनं आपला तांब्या उचलला, आतली आंबील किटलीत ओतली आणि नवऱ्यासाठी छावणीवर न्यायला ती निघून गेली.

छावणी

तिसऱ्या दिवशी चंद्रकलाबाईंच्या पद्धतीनं पहिली मोठी कढई निघाली आणि कॅन भरून आम्ही छावणीवर गेलो. माळावर बांबू रोवून वर बारदान आणि जुन्या साड्या टाकलेल्या. खाली गायीबैलांच्या रांगा आणि प्रत्येक दावणीपाशी एक माणूस. घर गावात असलं तरी ही माणसं दिवसभर इथेच असतात, कारण जनावर सोडून जाववत नाही. ऊन असं की बोलायचाही कंटाळा यावा.

सुमनताईंनी भरलेले ग्लास वाटले. मोठे, स्टीलचे, काठोकाठ. एक मलाही. पहिला घोट कालच्यासारखाच झणझणीत. दुसराही बरा. अर्ध्या ग्लासावर मात्र मीठ जिभेवर बसायला लागलं आणि पुढे जाईना. मी म्हटलं, माझंच तोंड आलं असेल. आजूबाजूला बघितलं तर म्हातारे बाप्ये मोठ्या चवीनं ‘फस्कलास हाय’ म्हणत होते आणि ग्लास संपवून एकेक जण उठत होता. उठून जात होता तो पाण्याच्या टाकीकडे.

टाकीवरचा माणूस ओरडला, ‘काय पाजलंय बे यांना? जनावरांचं पाणी हाय हे!’

तहान भागवायला आणलेलं पेय तहान लावत होतं, तेही अशा ठिकाणी. शेजारच्या दावणीवर दगडू बसला होता, गयाबाईचा नवरा. त्याच्यापाशी तिची किटली होती. मी लाज सोडून त्याला म्हटलं, ‘भाऊ, एक ग्लास द्याल का?’

त्यानं भरून दिला. ही दोन नंबरचीच आंबील होती, पहिल्या घोटाला पुळचट. दुसऱ्या घोटाला जरा ओळख पटली. मग मी बैलाच्या पाठीवरच्या माशा बघत बसले आणि हातातला ग्लास कधी संपला ते कळलंच नाही. जीभ स्वच्छ, घसा गार, पोट भरल्यासारखं. पाणी नको होतं.

‘ताक न्हाई यात,’ दगडू म्हणाला. ‘फडात ताक कुठलं? ऊस तोडताना दिवसभर पुरली पायजे अन् पाण्याला उठायला लागू नये, तशी तिनं बसवलीय. लई वर्सं लागली.’

मग मला प्रश्न पडला, काल चार नंबर शेवटी शेवटी मऊ का लागत होती? मंदाताई कॅनपाशी होत्या. मी त्यांनाच विचारलं की काल चार नंबरच्या तांब्यात आणि आजच्या कढईत काही फरक होता का.

‘न्हाई बा. पण तुमाला लई आवडली की ती. तीन गिलास पिलात.’

‘तीन? मी तर एका ग्लासातून थोडी थोडी...’

‘तुमी वहीत बघत होतात. खाली दिसला की मी भरत होते. पाव्हण्याचा गिलास खाली ठिवतात व्हय?’

‘कुठल्या तांब्यातून भरत होतात?’

मंदाताईंनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. ‘हाताला लागंल त्यातून. दोन नंबरचा माझ्या मांडीपाशीच होता.’

म्हणजे मी ज्या आंबिलीवर भाळले होते ती चंद्रकलाबाईंची नव्हती आणि गयाबाईचीही नव्हती. चंद्रकलाबाईंचा पहिला घोट आणि गयाबाईचा शेवटचा, असं मंदाताईंच्या हातून झालेलं ते मिश्रण होतं. आणि मी, अगदी नीट चाखणारी पेयतज्ज्ञ, खाली मान घालून त्याला ‘फार सुरेख’ असा शेरा देत बसले होते. मंदाताईंचा काय दोष? ग्लास रिकामा दिसला आणि त्यांनी भरला. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. तिकडे घोटभराचा ग्लास कुणी कधी बघितलाच नव्हता, आणि माझा ग्लास कुणी भरतंय हे मी बघितलं नव्हतं.

ओसरीवर

परत जाताना सुमनताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आता तुमीच सांगा सगळ्यांना. मी सांगितलं तर मी फिरवलं म्हनतील.’

चौथ्या दिवशी सकाळी ओसरीवर पुन्हा सगळ्या जमल्या. चूक कबूल करणं मला कधीच जमत नाही, कारखान्यात तर मी ती विनयवर ढकलते. इथे ढकलायला कुणी नव्हतं. मी उभी राहिले आणि ग्लास, तांबे, टाकीवरची रांग, सगळं सांगून टाकलं.

चंद्रकलाबाई उठल्या. ‘परवा माझ्या नावानं टाळ्या वाजवल्या. आज म्हनता चुकलं. तुमी तज्ज्ञ हायेत का न्हाई?’

प्रश्न रास्त होता. सुमनताई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, ‘मी पुण्यात बिअर करते. ती चाखायला मी शिकले. आंबिलीतलं मला कळत नाही.’

बाटली आडवी करणाऱ्या बायका होत्या त्या. कुणीतरी ‘अगं माय’ म्हटलं. मला वाटलं आता पिशवी उचलावी आणि दुपारची एसटी धरावी.

बोलली ती गयाबाई. ‘तुमच्याकडं असल्याच बारक्या गिलासात पितात का बीर?’

‘काही जण. बाकीचे मोठा ग्लास भरून.’

‘मोठावाले पुन्यांदा मागतात का?’

‘मागतात.’

‘मंग तिथं कळतं, इथं कावून कळलं न्हाई?’ ती म्हणाली. एकीला हसू फुटलं, मग दुसरीला, आणि मीही हसले, दुसरं काय करणार.

चंद्रकलाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘बोलून काय व्हतंय. दोन्ही आना. भरून आना. मीच पिते.’ आणि त्यांनी सगळ्यांसमोर आपल्या आंबिलीचा मोठा ग्लास संपवला, मग गयाबाईचा. आम्ही बघत बसलो. कुणीही चूळ भरली नाही की वही काढली नाही. थोडा वेळ गेला. त्यांनी मिशा पुसाव्यात तसं पालथ्या मुठीनं तोंड पुसलं, आपल्या ग्लासाकडे बघितलं आणि मंदाताईंना म्हणाल्या, ‘पानी दे गं जरा.’

मंदाताईंनी तांब्या दिला. चंद्रकलाबाई घटाघटा पाणी प्यायल्या.

‘तिचीच करा,’ त्या म्हणाल्या. ‘पन कुनाघरी पाव्हणे आले तर माझी. हे आत्ताच लिवून ठिवा.’

सुमनताईंनी ठराव मांडला, हात वर झाले. गयाबाईनं हात वर केला नाही. तिला वाटलं आपल्याच नावाला आपण कसा करायचा.

दुपारी मी एसटीसाठी निघाले तेव्हा वाटेत छावणीवर थांबले, दगडूचा निरोप घ्यायला. गयाबाई त्याची किटली घेऊन आधीच आली होती. तिनं त्याला अजून काही सांगितलं नव्हतं, की सांगून झालं होतं, ते मला कळलं नाही. दोघंही बैलाकडे बघत बसले होते.

तेवढ्यात मोटारसायकलवरून मुकादम आला. दावणीदावणीवर थांबून तो यंदाच्या जोड्या विचारत होता. दगडूपाशी येऊन त्यानं गाडी बंदही केली नाही.

‘काय दगडू, तुमचा कोयता धरतोय बघ. बारा वर्सांचा गडी तू, इचारायचं काय त्यात?’

बारा वर्षं हा प्रश्न दगडूला विचारला जात होता आणि बारा वर्षं तोच उत्तर देत होता. जोडीतल्या बाईला कुणी विचारत नसतं. दगडू उठला, धोतराला हात पुसले. मग त्यानं बायकोकडे हात केला.

‘तिला इचारा,’ तो म्हणाला.

मुकादमानं गाडी बंद केली.

गयाबाई उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘आमचा कोयता धरू नका. मला इथं काम हाय.’